उंबऱ्यावरून भरलेली ओटी

सप्टेंबर सरत आला की आमच्या कोपऱ्यावरच्या फार्मसीबाहेर ती पाटी लागते. फ्लू जॅब, म्हणजे फ्लूची लस, इथे मिळेल, आत या. दरवर्षी तीच पाटी, त्यावर तेच हसरं म्हातारं जोडपं, बाह्या वर केलेलं. इंग्लंडातल्या या मिल्टन कीन्समध्ये झाडं चिक्कार आहेत, ऋतू बदलला की लोक झाडांकडे बघतात, फोटो काढतात, गावाला पाठवतात. मी पाटीकडे बघते. पाटी दिसली की मला एक जुना सप्टेंबर आठवतो, आणि त्यावर जॅब नाही.

या वर्षी पाटी लागली त्याच आठवड्यात अजित खोकायला लागला. अजित म्हणजे माझा नवरा. वय बावन्न, स्वभावाने गरीब, आजारपणात आणखी गरीब. त्याच्या कंपनीने उन्हाळ्यात पुष्कळांना ‘ॲट रिस्क’चं पत्र दिलंय, त्यात हाही आहे. म्हणजे नोकरी गेलेली नाही, पण जाऊ शकते, आणि नक्की कुणाची जायची ते ठरेपर्यंत सगळ्यांनी हसतमुख राहायचं. अंगात ताप घेऊन हा घरच्या डेस्कवर बसला, मीटिंग चालू, कॅमेरा बंद. मी आल्याचा चहा घेऊन गेले तर माइक म्यूट करून हळूच म्हणाला, “कुणाला सांगू नकोस.”

“अरे, ताप आलाय तुला, खून नाही केलास कुणाचा,” मी म्हटलं. मी नागपूरची, माझा आवाज मुळातच मोठा, तोंड त्याहून मोठं. पण कप ठेवून खाली आले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिले. हेच तीन शब्द मी आधी एकदा ऐकले होते. असाच सप्टेंबर होता. तेव्हा मला ते दुसऱ्या कुणीतरी विश्वासाने सांगितले होते, आणि मी सांगितलं होतं.

स्वाइन फ्लूचं वर्ष. दोन हजार नऊ. पुढे याहून केवढं तरी मोठं आजारपण जगावर आलं आणि लोक ते वर्ष विसरून गेले. आताच्या पोरांना सांगितलं तर हसतात, म्हणतात, तो काय पँडेमिक होता का? होता बाबांनो. आमच्यापुरता होता.

आम्ही तेव्हा स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये राहायचो. तीन मजली विटकरी इमारती, मध्ये कार पार्क, बाजूने तो लाल डांबराचा सायकलरस्ता, ज्याला इथे रेडवे म्हणतात. त्या दोन इमारतींत आमच्या प्रोजेक्टची नऊ कुटुंबं. सगळे पुण्या-मुंबईचे, नागपूरचे आम्ही एकटेच. सगळ्यांचा व्हिसा एकाच कंपनीच्या नावावर, सगळ्यांचं ऑफिस एक, क्लायंट एक. सकाळी नऊ नवरे एकाच वेळी बाहेर पडायचे आणि नऊ बायका एकाच वेळी खिडक्या उघडायच्या. कुणाकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही एकमेकींना ठाऊक. मला वाटायचं, किती छान, अख्खी गल्लीच उचलून आणलीय परदेशात. गल्लीत सगळ्यांची चूल एकाच मालकाच्या हातात नसते, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

त्या उन्हाळ्यात हवेतच धसका होता. दाराच्या फटीतून सरकारी पत्रक येऊन पडलं, शिंकताना काय करायचं, हात कसे धुवायचे. मुक्ताच्या शाळेने दर आठवड्याला चिठ्ठी पाठवली. मुक्ता माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. ती घरात येऊन आम्हा दोघांना हात धुवायला शिकवायची, बोटांच्या मधून, अंगठ्याच्या मागून. फार्मसीत थर्मामीटर संपले, हात पुसायचं ते जेल संपलं, आणि काउंटरवरची मुलगी दिवसभर ‘सॉरी लव्ह’ म्हणून म्हणून थकून गेली. बसमध्ये कुणी खोकलं की त्याच्या शेजारची सीट रिकामी व्हायची. मी एकदा ठसका लागून खोकले, मिरचीचा ठसका हो, तर समोरच्या आजीबाईंनी पर्समधून रुमाल काढून नाकाला लावला आणि माझ्याकडे बघून माफीचं हसल्या. त्यांचं ते हसणं मला जास्त लागलं.

आणि दुसरीकडे मंदी. शॉपिंग सेंटरमधली मोठी मोठी दुकानं ‘सगळं विकणे आहे’ची लाल पोस्टरं लावून बसली होती. खालच्या मजल्यावरची जॅनेट अशाच एका दुकानात वीस वर्षं होती, ते बंद झालं आणि तिला तात्पुरतं काम लागलं ते कुठे, तर सरकारने फ्लूसाठी उघडलेल्या फोन लाइनवर. “लोक आजारी पडताहेत म्हणून माझं भाडं निघतंय, वृंदा,” ती एकदा कचऱ्याच्या बिन्सपाशी उभी राहून म्हणाली. “देवाने मला माफ करावं, पण हे ख्रिसमसपर्यंत टिकू दे.” मी हसले. पण आपण सगळेच तेव्हा असंच काहीतरी मागत होतो देवाकडे. दुसऱ्याचं जाऊ दे, माझं राहू दे.

भारतातून फोन यायचे ते आणखी वेगळे. पुण्यात तर हाहाकार होता. शाळा बंद, थिएटरं बंद, रस्त्यावर जो तो तोंडाला फडकं बांधून, आणि पेपरात रोजची गेलेल्यांची बातमी. कुणीतरी ईमेल फिरवला की कापूर आणि वेलची कुटून पुरचुंडी करा आणि हुंगत राहा, फ्लू जवळ येत नाही. झालं. आमच्या नऊच्या नऊ घरांत कापूर कुटला गेला. नवरे शर्टाच्या खिशात पुरचुंड्या घेऊन ऑफिसला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गोऱ्या मॅनेजरने अजितला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या टीमकडे कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्यांचा वास का येतो? अजितने सांगितलं, धार्मिक आहे. तो माणूस बिचारा ओशाळला, पुन्हा विचारलं नाही त्याने.

गणपतीत तर आम्ही कहर केला. दरवर्षी दीड दिवसाचा गणपती आमच्या फ्लॅटमध्ये बसायचा, सगळे यायचे. त्या वर्षी गर्दी नको म्हणून आरती ऑफिसच्या कॉन्फरन्स लाइनवर केली. नऊ घरांनी एकच नंबर फिरवायचा, कोड दाबायचा आणि आरती म्हणायची. फोनवर प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याला जरा उशिरा पोहोचतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही तिसऱ्या कडव्यावर, तळमजला अजून पहिल्याच कडव्यावर, कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू. अजित सवयीने ओरडला, “बोलत नसाल तर म्यूट करा!” आणि एकदम सगळे म्यूट झाले. नुसती माझी घंटा वाजत राहिली. मी इतकी हसले की निरांजन खाली ठेवावं लागलं. ते त्या वर्षातलं शेवटचं हसणं, असं आता मागे वळून म्हणता येतं.

अनघा माझ्या समोरच्या इमारतीत राहायची, पहिल्या मजल्यावर. पुण्याची, सव्वीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं. तिचा नवरा समीर अजितच्या हाताखाली होता. मोठ्या डोळ्यांची, सगळं विचारून करणारी मुलगी. इथल्या पिठाची पोळी फुगत का नाही, मिडवाइफला काय म्हणून हाक मारायची, मोज्यात मोजे घातले तर चालतील का. दिवसातून पाच वेळा ‘वृंदाताई’. तिला दिवस गेले तेव्हा तिच्या आईच्याही आधी मला कळलं, कारण आई झोपली होती आणि मी जागी होते. बाळंतपणाला आई येणार होती, तिकीट काढलं होतं. ऑगस्टमध्ये पुण्यातलं ते सगळं सुरू झालं आणि वडिलांनी तिकीट रद्द केलं. “विमानात कोण कुठला खोकत बसलेला असेल,” ते फोनवर म्हणाले. अनघा ऐकून नुसती ‘बरं’ म्हणाली. मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, डोहाळेजेवण माझ्याकडे, बाळंतविडे माझ्याकडे, तुझी आई येईपर्यंत मी आहे. मी आहे, हे मी फार सहज बोलते. नागपूरकडची खोड.

एका मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज इतका बारीक की मी दोनदा ‘कोण’ विचारलं. समीरला कडक ताप होता. फ्लूच्या लाइनवर फोन केला, त्यांनी सगळे प्रश्न विचारले, आणि औषध घ्या म्हणून एक नंबर दिला. आजारी माणसाने आणायला जायचं नाही, घरातल्यांनीही शक्यतो नाही, ती तर सातव्या महिन्यात. दुसऱ्या धडधाकट माणसाला पाठवायचं. त्याला म्हणायचं फ्लू फ्रेंड.

“वृंदाताई, तू जाशील?”

“हे काय विचारणं झालं का? नंबर सांग.”

“आणि ताई, कुणाला सांगू नकोस. अजितदादांनासुद्धा नको. समीर म्हणतोय फूड पॉयझनिंग सांगितलंय ऑफिसमध्ये.” मग थोडं थांबून म्हणाली, “काल तो तापातच गेला होता गं ऑफिसला. पॅरासिटामॉल घेऊन. मी नको म्हणत होते. म्हणाला, या आठवड्यात नाही राहून चालणार.”

या आठवड्यात का, ते मला माहीत होतं. क्लायंटला मंदीपायी एक माणूस कमी करायचा होता, आणि एकाच नावाची ती यादी शुक्रवारपर्यंत टीम लीडने द्यायची होती. टीम लीड अजित. नाव गेलं की त्या माणसाने दोन आठवड्यांत भारतात. हे सगळ्या नऊ घरांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. दोन आठवडे झाले, आमच्याकडे येणाऱ्या बायका जरा जास्तच गोड बोलत होत्या. कुणी चकल्या पाठवत होत्या, कुणी मुक्ताला फ्रॉक. समीर सगळ्यात नवा. शिवाय आजारी. शिवाय लपवून ऑफिसला गेलेला. आणि पुण्याला परत जायचं म्हणजे सातव्या महिन्यातल्या पोरीने त्या फ्लूच्या पुण्यात जायचं, इथली मिडवाइफ, इथलं ठरलेलं हॉस्पिटल सोडून.

मी रेडवेने चालत निघाले. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती, आणि या गावात पायी चालणारा माणूस म्हणजे एक तर कुत्रा फिरवणारा नाही तर नवा आलेला. पर्समध्ये समीरचा पासपोर्ट होता, ओळख पटवायला लागतो म्हणून अनघाने दाराबाहेरच्या पायपुसण्यावर ठेवला होता. चालता चालता मी विचार करत होते, आपल्याकडे कुणी आजारी पडलं की येणाऱ्यांना थोपवायचं कसं हा प्रश्न असतो. इथे सरकारला सांगावं लागतं की बाबा रे, एक तरी मित्र आधीच ठरवून ठेवा. किती एकटे लोक हे, असं मला वाटलं. आपण तसे नाही, असंही वाटलं. चांगलीच टेचात चालत होते मी.

मुक्ताचा डान्स क्लास जिथे व्हायचा त्याच कम्युनिटी सेंटरमध्ये औषधं देत होते. प्लास्टिकचा एप्रन घातलेल्या बाईने नंबर बघितला, पासपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं. “तुम्ही त्यांच्या फ्लू फ्रेंड?” मी म्हटलं, हो. तिने कागदी पिशवी दिली. ती हातात धरून मी बाहेर आले आणि कोपऱ्यावर स्वातीची गाडी समोर आली. स्वाती आमच्याच इमारतीतली, तिचा नवरा निखिल टीममध्ये अजितच्या खालोखाल. मला बघून तिने गाडी हळू केली, खिडकी अर्धी खाली केली, तोंड उघडलं, आणि पिशवीकडे तिचं लक्ष गेलं. खिडकी वर गेली आणि गाडी पुढे निघून गेली. तिला तरी काय बोल लावू, तिच्या मुलीला दमा होता.

संध्याकाळी फोन सुरू झाले. “वृंदाताई, अजितदादा बरे आहेत ना?” “मुक्ता शाळेत गेली होती का आज?” “काही लागलं तर सांगा हं.” काही लागलं तर सांगा म्हणणारी प्रत्येक जण फोन लांब धरून बोलते आहे असं मला वाटत होतं. अजित विचारत होता, काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, उगाच चौकशा. तो त्याच्या लॅपटॉपमध्ये, त्या यादीच्या विचारात.

दुसऱ्या दिवशी तो साडेनऊला घरी परत आला. टाय खिशात कोंबलेला. क्लायंटच्या मॅनेजरने रिसेप्शनवरूनच परत पाठवलं, तुमच्या घरी फ्लू आहे असं कळलं, आठवडाभर येऊ नका. “आणि यादी?” मी विचारलं. “यादी निखिल देईल आता,” तो म्हणाला. मग खुर्चीवर बसून बूट न काढताच म्हणाला, “वृंदा, निखिल स्वतःचं नाव देईल का? समीरचं तरी का देईल? मी आठवडाभर तिथे नाही, माझंच देणं सगळ्यात सोपं.”

मी सिंककडे तोंड करून तांदूळ धूत होते. समीरसाठीच, मऊ भाताचे. नळ चालू होता.

“कुणाचं औषध आणलंस काल?”

मी तांदळाचं पाणी पुन्हा एकदा बदललं.

“मुक्ताची शाळा आहे इथे. मी नुसतं विचारतोय, कुणाचं?”

“समीरचं,” मी म्हटलं. आणि नळ बंद करून, त्याने विचारलं नसताना, पुढे म्हणाले, “सोमवारी तापातच आला होता तो ऑफिसला.”

पहिलं उत्तर मी माझ्या मनाशी कितीदा तरी माफ केलं आहे. नवरा विचारत होता, घर जात होतं, कुणीही सांगितलं असतं. पण ते दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. समीरचं नाव पुरेसं नाही, आमचं नाव सुटायला त्याचा गुन्हाही सांगायला हवा, हे माझ्या डोक्याने नाही, कुठल्या तरी त्याहून खालच्या जागेने ठरवलं. भीती माणसाला खोटं बोलायला लावते म्हणतात. मला तिने खरं बोलायला लावलं, आणि खरं बोलून कुणाचं घर मोडता येतं ते मी त्या सकाळी बघितलं. अजित आतल्या खोलीत जाऊन फोनवर बोलला. पाच मिनिटंही लागली नाहीत. मी भात शिजवून, डब्यात भरून, वर साजूक तूप घालून अनघाच्या दाराशी ठेवून आले. बेल वाजवली आणि तीन पावलं मागे झाले. तिने दार उघडलं, डबा उचलला, हात हलवला. मी पण हलवला.

शुक्रवारी यादीत समीरचं नाव गेलं. ऑफिसच्या भाषेत रिलीज. कारण लिहिलं होतं की आजार लपवून सहकाऱ्यांना धोक्यात घातलं. यात चूक काहीच नव्हतं. प्रोजेक्टमधल्या प्रत्येक घराने सुटकेचा श्वास सोडला आणि प्रत्येक घराने अनघाबद्दल हळहळ केली, दोन्ही मनापासून. कुणी सांगितलं असेल, यावर सगळ्यांचं एकमत झालं की स्वातीने. स्वातीला कुणी विचारलं नाही, ती बोलली नाही, आणि मी त्या चर्चेत बसून मान हलवत होते. हे मी लिहितेय, पण अजूनही हे लिहिताना मला माझ्या मानेची शरम वाटते.

पुढचे ते दोन आठवडे. समीर बरा झाला. अनघाला ताप आला नाही, माझ्या देवाला तेवढी दया आली. डॉक्टरकडून विमानप्रवासाचं पत्र, सूटकेसा, फ्लॅटची किल्ली परत, हॉस्पिटलला येत नसल्याचं कळवणं. मिडवाइफने तिला एक पुस्तिका दिली, घरी गेल्यावर वाच म्हणून. मी रोज डबा ठेवत होते. कधी मुगाची खिचडी, कधी फुलका-दुधी, एकदा तिला आवडतात म्हणून पुडाच्या वड्या, आमच्याकडच्या. इतक्या मन लावून मी आयुष्यात स्वयंपाक केला नसेल. डबा रोज रिकामा, धुतलेला परत यायचा, आणि तो बघून मला जेवण जायचं नाही.

डोहाळेजेवण ठरलं होतं ते राहिलं. बाकीच्या बायका म्हणाल्या, आता कशाला, त्यांच्या घरी अजून जंतू असतील, शिवाय अशा वेळी बरं दिसत नाही. मी म्हटलं, सातव्यातली मुलगी ओटीशिवाय जाणार का? आणि निघायच्या आदल्या दुपारी एकटीच गेले. तोंडाला ओढणी बांधलेली, ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. तिने दार उघडलं पण मला आत ये म्हणाली नाही, आणि मी आत जाऊ का विचारलं नाही. मुक्ता होती ना घरी. उंबऱ्यावरून देणंघेणं करू नये, ओटी तर नाहीच नाही, हे मला माझ्या आईने शंभरदा बजावलं होतं. इथल्या फ्लॅटला उंबरा कसला, ॲल्युमिनियमची एक पट्टी. तिच्या अलीकडे मी, पलीकडे ती. तिने ड्रेसवरची ओढणी दोन्ही हातांनी पसरली. मी तांदळाच्या ओंजळी घातल्या, पाच. काही दाणे त्या पट्टीत अडकले. कुंकू लावायला हात पुढे केला तर तिने कपाळ पुढे आणलं. डोळे खाली. मला वाटलं, रडू आवरते आहे.

“सुखरूप राहा,” मी म्हटलं. तिने वाकून नमस्कार केला, त्या पोटाने.

पुण्यात डिसेंबरात तिला मुलगी झाली. इरा. सगळं ठीक झालं, म्हणजे जीव वाचले. समीरला नोकरी मिळायला दीड वर्ष लागलं, इकडे परत यायचं ते राहूनच गेलं. आम्ही राहिलो. घर घेतलं, पासपोर्ट बदलला, मुक्ता युनिव्हर्सिटीतून बाहेर पडली. मधे ते मोठं आजारपण आलं, पुन्हा दारं बंद, पुन्हा डबे पायरीवर. लोक गुरुवारी संध्याकाळी दारात उभं राहून डॉक्टर-नर्सांसाठी टाळ्या वाजवत होते, आणि मी रस्त्यातल्या चार म्हाताऱ्यांची औषधं आणत होते, न चुकता, कुणी मागितली नाहीत तरी. अजित म्हणायचा, किती करशील? मी त्याला काही सांगितलं नाही. त्यानेही मला कधी त्या सकाळबद्दल विचारलं नाही. आमच्या संसारात ती एक सकाळ आम्ही दोघांनी मिळून पुरली, आणि त्यावरून रोज चालत राहिलो.

आणि अनघा. दरवर्षी इराच्या वाढदिवसाला तिचा मेसेज यायचा. फोटो, आणि खाली एकच ओळ, ताई, तुझा मऊ भात आठवतो. दरवर्षी मी तीन लाल बदाम पाठवायचे आणि दिवसभर कुणाशी नीट बोलायचे नाही. पुण्याला गेले तरी तिला भेटायचं टाळायचे. वेळच मिळाला नाही गं, पुढच्या वेळी नक्की. अशा किती तरी पुढच्या वेळा गेल्या.

तर या वर्षी जिन्याच्या पायरीवर बसले होते आणि वरून खोकल्याचा आवाज येत होता. माझ्याच घरात कुणीतरी ताप लपवून बसलं होतं, आणि मला पहिल्यांदा समीरची ती सोमवारची सकाळ दिसली. पॅरासिटामॉल गिळून बूट घालणारा, बायकोला ‘काही होत नाही’ म्हणणारा. तो गुन्हेगार नव्हता. घाबरलेला होता, अजितसारखा, माझ्यासारखा. हे कळायला मला इतकी वर्षं लागावीत, याचंच मला रडू आलं. तिथेच बसून मी अनघाला फोन लावला. पुण्यात दुपार होती. मागे कुकर होत होता.

मी काही प्रस्तावना केली नाही, जमलीच नसती. म्हटलं, “अनघा, स्वातीने नव्हतं सांगितलं. मी सांगितलं होतं.”

तिकडे कुकरची एक शिट्टी झाली. मग तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“तेव्हापासूनच. समीरला ऑफिसने सोमवारचं विचारलं. सोमवारी तो तापात गेला होता, हे मी फक्त तुला बोलले होते.”

मी मनातल्या मनात ते सगळे दिवस उलटे मोजत होते. बुधवारचा डबा, गुरुवारचा, शनिवारच्या पुडाच्या वड्या. धुतलेले डबे. पसरलेली ओढणी, खाली घातलेले डोळे. “मग ओटी कशी घेतलीस गं माझ्याकडून?” मी विचारलं. “दार लावून घ्यायचं होतंस तोंडावर. चार शिव्या द्यायच्या होत्यास. भांडली का नाहीस माझ्याशी?”

अनघाच्या आवाजात राग नव्हता. माफीही नव्हती. एखाद्याला रस्ता सांगावा तितक्या सरळ आवाजात ती म्हणाली, “भांडून जाणार कुणाकडे होते, ताई? तिथे मला तुझ्याशिवाय होतं कोण?”